मुका मार

जिथं लागलंय तिथली बाही वर सरकवा आणि खिडकीकडे तोंड करून बसा. दिवसाचा उजेड असेल तर उत्तम; ट्यूबलाइटखाली निळा कुठला आणि काळा कुठला ते नीट कळत नाही. अंगावर आज कुठं काही नसेल तर एखादी जुनी खूण आठवा. दिवाणाच्या कोपऱ्याने नडगीवर दिलेली, सायकलच्या पेडलने घोट्यावर दिलेली, लोकलच्या गर्दीत कुणाच्या तरी डब्याच्या कडेने दंडावर उमटवलेली. जागा सापडली की हात मांडीवर सैल सोडा आणि तिच्याकडे नुसतं बघा. दाबून बघावंसं वाटेल. अजून दुखतंय का, किती दुखतंय, हे बोटाला सारखं तपासायचं असतं. बोटाला थोडा वेळ गप्प बसवा.

श्वासाचं काही करायचं नाही. तो चालू आहे, चालू द्या.

माझी खूण डाव्या हातावर होती, मनगटाच्या वर चार बोटं, बाहेरच्या अंगाला. बहिणीच्या मोठ्या मुलीचं लग्न सहा दिवसांवर आलं होतं. सोमवारी रात्री लोखंडी कपाटातून साड्या काढत होते, दार अर्धवट उघडं राहिलं, आणि वळताना हात त्याच्या कडेवर आपटला. हाडावरच बसला, म्हणून डोळ्यांत पाणी आलं. रक्त नाही, साधं खरचटलंसुद्धा नाही. दोन मिनिटं हात धरून उभी राहिले आणि पुन्हा साड्यांना लागले. झोपताना बघितलं तर सुपारीएवढी सूज आणि तिच्याभोवती जांभळट सावली.

आपल्याकडे याला मुका मार म्हणतात. हा शब्द एकदा मनातल्या मनात म्हणा, सावकाश. ऐकलेलं मनात घोळवायचं, त्याला रस सुटेपर्यंत घोळवायचं, यालाच जुने लोक मनन म्हणत आले. मुका मार हा शब्द आपण लहानपणापासून ऐकतो, पण घोळवत नाही. जखम उघडी असली तर ती स्वतःहून सांगते: रक्त दिसतं, घरातलं कुणी तरी धावत येतं, हळद नाहीतर पट्टी शोधतं. मुक्या माराला बाहेर यायला दार नसतं. कातडी शाबूत राहते, तिच्याखालच्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या फुटतात, आणि रक्त आतल्या आत मांसात, चरबीत झिरपतं. ते तिथंच थांबतं. काही वेळाने, कधी दुसऱ्या दिवशी, वरच्या कातडीतून त्याचा रंग दिसायला लागतो. मुका आहे म्हणून त्याला सांगायचं काही नाही असं नव्हे. तो रंगाने सांगतो, आणि सावकाश सांगतो.

तुमचा मार आजचा असेल तर आता उठा, पण हळू. बर्फाचे चार खडे घ्या आणि सुती पंचात गुंडाळा. पंचा पाण्यात भिजवून घट्ट पिळलेला असला तर गारवा सारखा पसरतो. बर्फ नसेल तर फ्रीझरमधलं मटारचं पाकीट चालतं, तेही कापडात गुंडाळून. उघडा बर्फ कातडीवर टेकवू नका, अतिगारव्यानेही कातडी भाजल्यासारखी होते. मधुमेहामुळे किंवा आणखी कशाने ज्यांच्या हातापायाला बधिरपणा असेल त्यांनी हे जास्तच जपून करावं, कारण कधी थांबायचं ते त्यांना कातडी सांगणार नाही. परत येऊन बसा. हात उशीवर ठेवा, छातीच्या पातळीपेक्षा जरा उंच. पुरचुंडी मारावर ठेवा. दहा मिनिटं, फार तर पंधरा.

या दहा मिनिटांत दुसरं काही करू नका. मोबाइल पालथा ठेवा. पहिल्या मिनिटात नुसतं गार लागतं, बरं वाटतं. मग टोचायला लागतं, सुयांसारखं, आणि पुरचुंडी काढून टाकावीशी वाटते. तिथंच थांबा. ते टोचणं खोल जातं, त्याचा एक बोथट ठणका होतो, हाडापर्यंत पोचल्यासारखा. तो ठणका कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो हे बघायला गेलात तर त्याच्या कडा सापडत नाहीत. मग कधी तरी, नक्की केव्हा ते कळतच नाही, तो विरतो आणि जागा बधिर होते. पंचातून पाण्याचा एक थेंब कोपराकडे निघतो. त्याला जाऊ द्या. आत यावेळी बारीक वाहिन्या आकसत असतात, गळती कमी होत असते. रक्तातल्या प्लेटलेट फुटलेल्या तोंडांशी जमून तिथं डाट बसवतात, हे काम त्यांनी मार लागल्या लागल्या सुरू केलेलं असतं. गारवा त्यांना मदत करतो, इतकंच. पहिले एकदोन दिवस असं दर काही तासांनी करायचं, मधे कातडीला पुन्हा मूळ उबेवर येऊ द्यायचं.

मी स्वतः त्या रात्री बर्फ लावला नाही. घरात पाहुणे होते, फ्रीजपुढं गाद्या पसरल्या होत्या, आणि एवढ्याशा माराचं कौतुक काय करायचं असं वाटलं. दुसऱ्या दिवशी खूण सुपारीची तळहाताएवढी झाली होती. लग्नघरात स्वतःचा हात धरून दहा मिनिटं बसणारी बाई मी अजून पाहिलेली नाही. ती दहा मिनिटं मी घ्यायला हवी होती, म्हणून तुम्हाला ती घ्या म्हणते आहे.

चोळू नका. आपल्याकडे प्रेमाची पहिली तऱ्हा म्हणजे तेल कोमट करून चोळणं, आणि ते करणाऱ्या हातांना नाही म्हणणं अवघड जातं. पण ताजा मार चोळला की नुकते बसलेले डाट हलतात आणि गळती वाढते. त्या हातांना सांगा, नुसते जवळ राहा. दोन दिवसांनी, सूज बसल्यावर, कोमट पाण्यात पिळलेल्या कापडाचा शेक द्या. मग वाहिन्या उघडलेल्या हव्या असतात, साचलेलं वाहून न्यायला. फारच दुखत असेल तर पॅरासिटामॉल पुरते. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, प्लेटलेटच्या कामात ती आड येतात. हृदयासाठी डॉक्टरांनी ॲस्पिरिन दिलेली असेल तर मात्र ती आपल्या मनाने बंदही करू नये.

माझं माहेर सांगलीचं. आमच्या आजीकडे मुक्या मारावर आंबेहळद होती. मोरीजवळ ठेवलेली सहाण, तिच्यावर दोन थेंब पाणी, आणि आंबेहळदीचं कुडं गोल गोल फिरवत उगाळायचं. कैरीसारखा वास सुटायचा, म्हणूनच ते नाव. लेप जाडसर झाला की ती दोन बोटांनी तो लावायची, वरून खाली नव्हे, कडेकडून आत, आणि लावताना काही बोलायची नाही. लेप सुकताना कातडी ओढली जायची. वाळून तडकेपर्यंत हलायचं नाही, असा नियम. आज मला वाटतं की त्या लेपाने केलं त्याहून जास्त त्या न हलण्याने केलं असेल. शाबूत कातडीवर, आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून बघून, लेप लावायला हरकत नाही. खाज सुटली तर धुऊन टाका. उघड्या जखमेवर नको.

आता पुन्हा आपल्या खुणेकडे या. रंग बघा.

पहिल्या दिवशी ती लालसर असते, मग जांभळी, निळी, काळपट. सावळ्या कातडीवर ही लाली बहुतेक दिसतच नाही. नुसता भोवतीपेक्षा गडद डाग दिसतो, किंवा तोही नाही. डोळ्याला सापडलं नाही तर हाताची पालथी बाजू हलकेच टेकवा: ऊब जास्त लागते, जागा भरल्यासारखी लागते. पुस्तकांतली चित्रं बहुतेक गोऱ्या कातडीची असतात, त्यामुळे आपल्यातल्या कित्येकांचा मार कुणाला दिसतच नाही. हे मला शाळेत जीवशास्त्र शिकवताना फार उशिरा लक्षात आलं.

पाचव्या-सहाव्या दिवशी कडेला हिरवट झाक येते. मग पिवळी, मग फिकट तपकिरी, आणि साधारण दोन आठवड्यांत काही उरत नाही. हे सगळे रंग एकाच रक्ताचे आहेत. सांडलेल्या तांबड्या पेशी तिथं परत कामाला लागू शकत नाहीत. त्यांना खाऊन साफ करणाऱ्या पेशी येतात आणि हिमोग्लोबिन मोडायला घेतात. मोडताना आधी त्यातून हिरवं द्रव्य निघतं, बिलिव्हर्डिन. त्याचं पिवळं होतं, बिलिरुबिन. कावीळ झालेल्या माणसाच्या डोळ्यांत दिसतो तो पिवळा आणि तुमच्या हातावरच्या खुणेचा पिवळा एकच. लोह शेवटपर्यंत मागे राहतं, तपकिरी डागाच्या रूपात, आणि शरीर तेही हळूहळू उचलून परत वापरायला घेतं. रुडॉल्फ फिरखो या जर्मन डॉक्टरने १८४७ मध्ये जुन्या, शरीरात साकळलेल्या रक्तातले स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांना नाव दिलं होतं. मी मुलांना हे सांगायचे तेव्हा वर्ग शांत व्हायचा, आणि मग हमखास एक जण बाही किंवा पँटचा पाय वर करून आपला हिरवा रंग दाखवायचा.

खुणेच्या कडेला हिरवट काही दिसतं का ते बघा. मध्यभाग अजून काळा आणि कड पिवळी, असं बहुतेकदा असतं, कारण कडेला रक्त कमी आणि तिथलं काम लवकर उरकतं. खूण एका जागी राहतेच असंही नाही. कपाळावरचा मार डोळ्याखाली उतरतो, गुडघ्याचा नडगीवर. वजन आहे ना रक्ताला, ते खाली जातं. म्हणून नुसत्या रंगावरून मार कुठल्या दिवशीचा हे कुणी छातीठोकपणे सांगू नये.

आत कोंडलेल्याला वेळ द्यायचा असतो, हे मी लहानपणी पेवापाशी पाहिलं. सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा आणि वारणेच्या संगमाशी, जमिनीत हळदीची पेवं असायची. वर माणूस उतरेल एवढंच तोंड, आत खोल पोकळी, आणि तिच्यात हळद वर्षानुवर्षं राहायची, किडायची नाही. २००५ च्या पुरात पाणी शिरून कितीतरी पेवं खचली. वडिलांबरोबर लहानपणी मी एक पेव उघडताना पाहिलं होतं. तोंडावरची माती काढली, झाकण सरकवलं, आणि सगळे बाजूला जाऊन बसले. मला वाटलं आता कुणीतरी उडी मारेल. कुणी हललं नाही. आत कोंडलेली हवा आधी निघून जाऊ द्यायची असते. घाईने उतरणारा गुदमरतो. आम्ही तासन् तास त्या काळ्या तोंडाकडे बघत बसलो होतो, आणि कधी तरी आतून हळदीचा वास वर आला.

शुक्रवारी चुडा भरायचा होता. हातावर तोवर पाचव्या दिवसाची खूण, मधे निळीजांभळी, खालच्या कडेला हिरवट. फोटोत दिसेल म्हणून नवरीची धाकटी बहीण मला घेऊन बसली. तिने जे केलं ते सांगते, कारण ते नीट करण्यासारखं आहे. हात धुऊन पुसला, साधं क्रीम लावून पाच मिनिटं मुरू दिलं. मग नारिंगी रंगाचा करेक्टर घेतला. रंगचक्रात निळ्याच्या समोर नारिंगी असतो, एकावर एक आले की दोघंही मावळतात. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला नारिंगी लागतो, उजळ कातडीला पीच पुरतो, आणि मार ताजा लाल असेल तर हिरवा. तो तिने फक्त गडद भागावर लावला, अनामिकेने थापटून, कारण त्या बोटात जोर कमी असतो. "मावशी, हलू नकोस," ती म्हणाली, अगदी आजीच्या नियमासारखं. वरून हाताच्या रंगाचा कन्सीलर, तोही थापटून, कडा बाहेर विरवत. मग थोडी पावडर दाबून. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ. पिवळा पडलेल्या माराला एवढं काही लागत नाही, नुसतं फाउंडेशन पुरतं. कातडी फुटलेली असेल तर यातलं काहीही लावायचं नाही, आणि रात्री झोपताना न घासता, तेलाच्या किंवा क्लीन्झरच्या बोळ्याने उतरवायचं.

खूण खरोखरच गेली. मी हात उजेडात फिरवून बघितला आणि मला बरं वाटलं. झाकण्यात काही खोट आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही. पोरीच्या लग्नात प्रत्येकाने माझ्या हाताची चौकशी करावी अशी माझी मुळीच इच्छा नव्हती.

कासारीण ओसरीत बसली होती, पुढ्यात हिरव्या बांगड्यांच्या माळा. ती हात बघून माप सांगते, विचारत नाही. माझा हात तिने दोन्ही हातांत घेतला, अंगठ्याखालचा उंचवटा आत दाबला, बोटं जुळवली आणि पहिली बांगडी चढवली. दुसरी चढवताना तिचा अंगठा थोडा वर सरकला आणि मी हात आखडला. तिने हात सोडला नाही. अंगठा तिथंच ठेवला, बिनदाबाचा. कन्सीलर डोळ्यांसाठी होता. तिच्या बोटाला सूज लागली होती.

"ताई, लागलंय?"

"कपाटाचं दार लागलं," मी म्हणाले.

ती काही बोलली नाही. मान खाली घालून पुढची बांगडी निवडत राहिली. मग अगदी हळू, शेजारच्या बाईलाही ऐकू जाणार नाही असं, म्हणाली, "सगळ्या जणी कपाटच सांगतात." आणि थांबली. तिने पुढचं काही विचारलं नाही, पण हात धरलेलाच होता. मला वेळ दिला.

मी खरं तेच सांगितलं होतं, आणि ते सांगताना मला कळलं की माझं खरं हे किती बायकांचं खोटं आहे. मोरीत पाय घसरला. जिन्यावरून पडले. दार लागलं. शाळेत पालकसभेला एक आई मे महिन्यात लांब बाह्यांचा ब्लाउज घालून यायची. माहिती असून मी तिला प्रगतिपुस्तकापलीकडे काही विचारलं नाही. माझ्या हातात तिचा हात नव्हता, असं मी स्वतःला सांगू शकते. पण समोर ती बसलेली होती, आणि मी मुलाच्या गणिताबद्दल बोलत राहिले.

म्हणून आता तुमच्या खुणेला एक प्रश्न विचारा. मोठ्याने नको. ही कशी झाली? उत्तर येईल तसं येऊ द्या, लगेच पुढं जाऊ नका. आणि दुसरा: ही मी कुणापासून झाकते आहे? बहुतेकांचं उत्तर साधं असेल: कपाट, दिवाण, सायकल, फोटोपासून, चौकशांपासून. ते पुरेसं आहे. काहींना मात्र उत्तर द्यायला जड जाईल, किंवा मनात आलेलं उत्तर आणि लोकांना सांगितलेलं उत्तर वेगळं असेल. तुम्ही त्यातल्या असाल तर खूण झाकायच्या आधी एक करा: दिवसाच्या उजेडात तिचा फोटो काढून ठेवा, आणि कुठल्या दिवशी काय झालं ते एका ओळीत लिहून ठेवा. रंग दोन आठवड्यांत जातात, मग दाखवायला काही उरत नाही. फोन पाहिला जात असेल तर तो फोटो आणि ती ओळ विश्वासातल्या कुणाकडे पाठवून आपल्याकडून पुसून टाका. महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे, तातडीला ११२. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ चा आहे, आणि तो घरातल्या घरात झालेल्या माराला मारच मानतो.

आणि काही खुणा शरीर स्वतःच करतं, कुणी न मारता. काही लागल्याचं आठवत नाही आणि तरी डाग पुन्हा पुन्हा उठतात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतं, पावसाळ्यात ताप आला आणि अंगावर टाचणीच्या टोकाएवढे लाल-जांभळे ठिपके दिसले, तर घरगुती काही करत बसू नका, डॉक्टरांकडे जा. डेंग्यूत प्लेटलेट घसरतात. डोक्याला मार लागून उलटी, गुंगी किंवा न थांबणारी डोकेदुखी असेल, सूज वाढतच असेल, सांधा हलत नसेल, डोळ्याच्या माराने दिसण्यात फरक पडला असेल, तरीही तसंच, लगेच. रक्त पातळ होण्याची गोळी घेणाऱ्या आणि म्हाताऱ्या माणसांना साध्या धक्क्यानेही मोठी खूण उठते. त्यांची कातडी पातळ झालेली असते, खालची चरबी कमी झालेली असते. त्यांचा हात धरताना हे लक्षात असू द्या.

मी कासारणीला मान हलवून सांगितलं, "नाही हो, खरंच कपाट." तिने माझ्या डोळ्यांत बघितलं, जितका वेळ लागायचा तितका वेळ बघितलं. मग पुढच्या बांगड्या चढवल्या. त्या जागेपाशी आल्यावर तिने प्रत्येक बांगडी आधी स्वतःच्या तळहातावर घासून गुळगुळीत करून घेतली आणि सूज चुकवून खाली उतरवली.

हात पुन्हा मांडीवर सोडा. खूण होती तशीच आहे. तुम्ही बसलात त्या वेळात तिच्या आत काही तरी पुढं सरकलं आहे, डोळ्याला दिसणार नाही इतकं. हवं तर अजून थोडा वेळ बसा.

मंगळवारी, लग्न होऊन दोन दिवसांनी, मी न्हाणीघरात हात धूत होते. शनिवारी नवरीला लावलेली हळद अजून नखांच्या कडांना आणि मनगटाला होती. बांगड्या कोपराकडे सरकवून साबण लावला. पिवळं पाणी वाहून गेलं, मनगट स्वच्छ झालं. चार बोटं वर थोडा पिवळा राहिला होता. तिथं पुन्हा साबण लावला, मग कळलं, आणि पाणी बंद केलं.